कोंडामामाला कुणी तोडलंच नाही

“अरे, त्याचं बोलणं तोडा की कुणीतरी!” अल्फिया टीव्हीवर ओरडली.

कुणी तोडलं नाही. कोंडामामा बोलतच राहिला. पिठानं पांढऱ्या झालेल्या मिशा, पाठ गव्हाच्या पोत्याला टेकलेली, आणि समोर नाचणी उंदरी, बोका दळभद्रे आणि गिरणीतली झाडून सगळी जनता मांड्या घालून बसलेली. शाळेत तपासणीला साहेब आल्यावर आम्ही बसतो तशी.

“आता तोडेल ब्... बघ,” मी म्हणाले. “आता न्... नाचणी...”

“कसली तोडत्या! रडायला लागली की ती!”

खरंच. जिनं आजवर कुणाला एक वाक्य धड पुरं करू दिलं नव्हतं, ती नाचणी शेपटीनं डोळे पुसत होती. मागं व्हायोलिन वाजत होतं. पिठाच्या गिरणीत व्हायोलिन! मग कोंडामामाची गोष्ट संपली. नाचणी म्हणाली, “मामा, तुम्ही किती थोर आहात!” आणि पडद्यावर सोनेरी अक्षरं फिरत फिरत आली : ‘गिरणवाले – दहा वर्षांचा प्रवास’.

अल्फियानं रिमोट सोफ्यावर आपटला. “वाट लावली!”

ही गोष्ट मी आठवीत होते तेव्हाची. आता मी दहावीत आहे आणि वर्गात बडबड करते म्हणून दर आठवड्याला माझी जागा बदलतात. पण तेव्हाची मी वेगळी होते.

आधी ‘गिरणवाले’बद्दल सांगते, कारण कोल्हापूरच्या बाहेर ते सगळ्यांना माहीत असेलच असं नाही. एका गल्लीतली पिठाची गिरण, आणि तिच्यात राहणारे प्राणी. एवढंच कार्टून. पण गिरण सतत घरघरत असल्यामुळं त्यातला प्रत्येक जण बोंबलून बोलायचा आणि कुणीच कुणाचं ऐकून घ्यायचं नाही. त्यातला कोंडामामा म्हणजे एक म्हातारी घूस. प्रत्येक भागात एकदा तरी तो पोत्याला टेकून सुरू करायचा, “मी लक्ष्मीपुरीत असताना एकदा काय झालं...” आणि कुणीतरी मध्ये घुसायचंच. कधी नाचणीला भूक लागायची, कधी बोक्याला भांडण आठवायचं. मामा चिडायचा, त्या भांडणात पडायचा, आणि लक्ष्मीपुरीच्या धान्य बाजारात काय झालं ते तसंच राहायचं. त्यामुळं दहा वर्षं पुरी झाली म्हणून चॅनेलनं खास भाग काढला आणि ‘कोंडामामाची गोष्ट अखेर पूर्ण!’ अशी जाहिरात केली, तेव्हा आम्ही दोघी अक्षरशः दिवस मोजत होतो.

गोष्ट काय निघाली? महापुरात मामानं गोदामातल्या सगळ्या उंदरांना सुपारीच्या पोत्यावर बसवून वाचवलं होतं. वाईट नव्हती. चांगलीच होती. तरीपण जेवण झाल्यावर पोट रिकामंच राहावं तसं काहीतरी झालं होतं, आणि का ते सांगता येत नव्हतं.

“व्हायोलिनमुळं,” अल्फिया म्हणाली.

“नाही, म्... मला वाटतं की त्...”

“आणि नाचणीच्या मिशा बघितल्यास? पार्लरमधनं करून आणल्यासारख्या!”

“अगं पण मिशा न्... नव्हं, मला काय वाटतं...”

“आणि बोका? बोक्याचं पोट कुठं गेलं?”

“अल्फे, बोक्याचं पोट घाल चुलीत, मी काय म्हणतो ते ऐक की!” मी ओरडले.

(आमच्याकडं पोरीसुद्धा ‘मी म्हणतो, मी जातो’ असंच बोलतात. दचकू नका.)

नेमकं हे सगळं मम्मीनं दारातून ऐकलं. पतसंस्थेतून ती नुकतीच आली होती, खांद्यावरची पर्सही उतरवली नव्हती. तिनं अल्फियाकडं बघितलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, “अल्फिया, बाळ, जरा आत येतेस?”

तो आवाज मला माहीत होता.

मी अडखळते. लहानपणापासून. म, ब, त, क ही माझी खास अक्षरं, आणि नाव काय ठेवलंय, तर मृण्मयी मगदूम. ज्यांनी ठेवलं त्यांना तेव्हा कुठं माहीत होतं म्हणा. सहावीत असताना पप्पा मला एका स्पीच थेरपीवाल्या मॅडमकडं घेऊन गेले. मॅडम फार चांगल्या होत्या, अजूनही आहेत. त्यांनी मम्मी-पप्पांना सांगितलं, “ती अडकली की तिचा शब्द तुम्ही पुरवू नका. तिचं वाक्य तिला पुरं करू द्या. घाई नको.”

आता माझे पप्पा उद्यमनगरात लेथ मशीनवर काम करतात. त्या आवाजात बोलून बोलून त्यांचा गळा असा झालाय की ते फोनवर बोलायला लागले की पलीकडच्याला फोनची गरजच नाही. मम्मीचंही तसंच. आमच्या घरात जेवताना दोघं एकदम बोलायचे, आणि त्यात मला जागा मिळेल तिथं मी घुसायची. पण मॅडमकडून आल्या दिवसापासून दोघांनी जी कंबर कसली! मी तोंड उघडलं की टीव्हीचा आवाज बंद. मिक्सर बंद. कुकरखालचा गॅससुद्धा बारीक. पप्पा घास खाली ठेवायचे, मम्मी हात मांडीवर घ्यायची, आणि दोघं माझ्या तोंडाकडं बघत बसायचे. हसऱ्या चेहऱ्यानं. एकदा मला नुसतं मीठ पाहिजे होतं. दोघांनी भाकरी खाली ठेवली, पुढं झुकले, आणि मी ‘म्... म्...’ करत राहिले, शेवटी म्हणाले, “काही नाही.” ती आमटी मी अळणीच जेवले.

मग मी घरात बोलणं कमी केलं. मम्मी मॅडमना फोनवर सांगायची, “आम्ही खूप पेशन्स ठेवतोय.”

अल्फिया मुजावर हे एकच माणूस असं होतं की ज्याला पेशन्स ही वस्तूच माहीत नव्हती. बाजूच्या गल्लीत राहायची, माझ्याच बाकावर बसायची. मी अडकले की ती माझा शब्द पुरवायची नाही. तिला तेवढा वेळच नसायचा! ती सरळ तिचं सुरू करायची. मग मला तिच्या बोलण्यात शिरून माझं म्हणणं पुढं ढकलावं लागायचं, चालत्या बसमध्ये चढावं तसं. आणि गंमत म्हणजे तसं चढताना मी फारशी अडकायची नाही.

तिला आत नेऊन मम्मी काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. अल्फिया बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पडला होता. “येतो मी,” एवढंच म्हणाली आणि चपला हातात घेऊनच जिना उतरली.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी तिला म्हणाले, “ऐक की, मी तो भाग प्... परत बघितला, आणि...”

ती गप्प.

“आणि म्... म्... मला...”

ती माझ्याकडं बघत होती. माझ्या तोंडाकडं. डब्यातली चपाती तिनं अर्ध्यात खाली ठेवली होती. आणि मग तिनं मान हलवली. हळूच, धीर दिल्यासारखी. अल्फियानं!

“ब्... बोल की काहीतरी,” मी म्हणाले.

“नाही, तू बोल. तुझं होऊ दे. मी ऐकतोय.”

मला काय सांगायचं होतं तेच मी विसरले. त्या आठवड्यात आमच्या बाकावर एवढी शांतता होती की बाई दोनदा येऊन विचारून गेल्या, तुमचं भांडण झालंय का. झालं असतं तर बरं झालं असतं. भांडायला आधी तिनं माझं बोलणं तोडायला नको का?

मी तिला सरळ सांगायचं ठरवलं. पण सांगणार काय? ‘माझं नीट ऐकून घेऊ नकोस’? हे वाक्य मी मनात दहा वेळा जुळवलं आणि दहा वेळा ते वेड्यासारखं वाटलं. ऐकून घेणं चांगलंच असतं ना? सगळे तेच म्हणतात. बरं, हे सांगायला बसले की ती चपाती खाली ठेवणार, मान हलवणार, आणि मी पहिल्याच अक्षरावर रुतून बसणार.

आमचा ‘गिरण गँग’ म्हणून चाहत्यांचा ग्रुप होता, त्याच्यावर मात्र नुसता जाळ होता. स्पेशल भाग कुणालाच आवडला नव्हता आणि प्रत्येकाचं कारण वेगळं. कुणी म्हणे, चित्रं फार गुळगुळीत झाली. कुणी म्हणे, गिरणीची घरघर काढून टाकली. कुणी म्हणे, नाचणीचा आवाज बदलला. एकानं लिहिलं, ‘गोष्ट पुरी करायला नको होती,’ तर त्याच्यावर सगळे तुटून पडले, दहा वर्षं तूच मागत होतास म्हणून.

मी शाळेतून आले की एकदा नवा भाग बघायची आणि लगेच एखादा जुना. गुरुवारी दुपारी असंच बघत असताना मी एकदम उठून बसले. जुन्या भागात मामाचं बोलणं नाचणीनं तोडलं होतं, आणि मामा चिडून तिच्यावर ओरडत होता, आणि त्याच्या तोंडावर – मी थांबवून बघितलं – आनंद होता. चक्क आनंद! मग मी नवा भाग लावला. सगळे गप्प, सगळे ऐकताहेत, आणि मामा बोलतोय. तो चेहरा मी ओळखला. तो मी रोज आरशात बघत होते.

शनिवारी राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये ‘गिरणवाले’च्या माणसांबरोबर चाहत्यांच्या गप्पा होत्या. रात्रीच्या जेवणाला मी म्हणाले, “शनिवारी म्... मला तिथं बोलायचंय.”

भाकऱ्या खाली गेल्या. टीव्हीचा आवाज बंद झाला. मम्मीनं पप्पांकडं बघितलं.

“जाऊया की,” पप्पा हळू आवाजात म्हणाले. त्यांचा तो हळू आवाज मला मुळीच सहन व्हायचा नाही. “अल्फियाला पण घेऊ. तू लिहून दे, ती विचारेल तुझ्या वतीनं.”

“नाही.”

“अगं, हॉल भरलेला असतो, माइक असतो...”

“मी. मीच ब्... बोलणार.” आणि मी भाकरी मोडून खायला सुरुवात केली, कारण बोलणं संपलंय हे त्यांना दुसऱ्या कशानं कळत नव्हतं.

हॉल खरंच भरला होता. लहान पोरं, त्यांचे आईबाप, कॉलेजातली मुलं. आम्ही चौथ्या रांगेत. मी, माझ्या शेजारी अल्फिया, मागच्या रांगेत मम्मी-पप्पा. स्टेजवर दिग्दर्शक कारखानीस सर होते. दहा वर्षांपूर्वी कोल्हापुरात ‘गिरणवाले’ त्यांनीच सुरू केलं आणि आता मुंबईला चॅनेलमध्ये होते. त्यांच्या शेजारी पांढऱ्या लेंगा-शर्टातले एक म्हातारे गृहस्थ, आवळेकाका. कोंडामामाचा आवाज त्यांचा. टापटीप साडीतली एक निवेदिका माइक फिरवत होती.

प्रश्न सुरू झाले. मिशांचा झाला, घरघरीचा झाला, व्हायोलिनचा झाला. कारखानीस सर हसत हसत सगळ्यांना उत्तर देत होते. शेवटी म्हणाले, “मित्रांनो, गोष्ट पूर्ण करा, गोष्ट पूर्ण करा, असं दहा वर्षं तुम्हीच सांगत होतात. आम्ही तुमचं ऐकलं. आता ती पूर्ण केली म्हणून रागावताय!” लोक हसले. प्रश्न मिटल्यासारखा झाला.

मी हात वर केला.

मी उभी राहिले, माइक हातात आला. “आधी नाव सांग हं,” निवेदिका म्हणाली.

बास. नाव!

“म्... म्... म्...”

हॉल गप्प होत गेला. पुढच्या रांगेतले लोक मागं वळले. “शांतता, शांतता प्लीज!” निवेदिका सगळ्यांना म्हणाली, आणि मग माझ्याकडं वाकून, “टेक युअर टाइम, बेटा. आम्ही सगळे ऐकतोय.” कुणाचं तरी बाळ रडत होतं, त्याला आईनं उचलून बाहेर नेलं. माझ्या मागं मम्मी माझ्या खुर्चीची पाठ धरून पुढं झुकली होती. आणि समोर ते दोनशे-अडीचशे चेहरे, हसरे, धीर देणारे, सगळे माझ्या तोंडाकडं लागलेले. मांडी घालून बसले नव्हते, एवढाच काय तो फरक.

खाली बसावं, असं वाटलं. खरंच वाटलं. माइक अल्फियाच्या हातात द्यायचा आणि बसायचं, कुणीच काही म्हणालं नसतं, उलट टाळ्या वाजवल्या असत्या. आणि सोमवारी अल्फियानं चपाती खाली ठेवली असती. मंगळवारी पण.

मी तिच्याकडं वळले. “अल्फे, ब्... बोल.”

“काय बोलू?”

“काहीही. भ्... भांड माझ्याशी.”

“आत्ता?”

“आत्ताच!”

तिनं मागं मम्मीकडं बघितलं. मम्मीचं तोंड उघडंच होतं. मग अल्फियानं एकदा माझ्याकडं बघितलं, आणि काय दिसलं तिला कुणास ठाऊक, ती ताडकन उठली. माइक नव्हता तरी तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला असेल. “सर, ही माझी मैत्रीण मृण्मयी मगदूम, आणि हिला असं म्हणायचंय की तुमच्या स्पेशलमध्ये त्या नाचणीच्या मिशा...”

“मिशा नाही!” मी ओरडले. “मला काय म्हणायचंय ते तू नको सांगू!”

“मग तू सांग की! मी काय धरून ठेवलंय तुला?”

“सांगतोय! तू बोलत राहा, मी घुसतो!”

“आठवडाभर तोंड बांधून बसलोय मी तुझ्यासाठी, आणि आता म्हणत्यास बोलत राहा! डोकं फिरलंय काय गं तुझं?”

“तुला कुणी सांगितलं होतं गप्प बसायला?”

“तुझ्या मम्मीनं!”

सगळा हॉल हसला. लहान पोरं तर खुर्च्यांवर उभी राहिली. लोक एकमेकांशी बोलायला लागले, निवेदिका ‘शांतता, शांतता’ म्हणत होती आणि तिचं कुणी ऐकत नव्हतं. मी माइक तोंडाजवळ धरला आणि त्या आवाजातच शिरले.

“सर, स्पेशल वाईट नाहीय. गोष्ट पण चांगली आहे. पण तुम्ही कोंडामामाला पाहुणा केलाय.”

“पाहुणा?” कारखानीस सरांनी विचारलं.

“आमच्या घरी पाहुणा बोलतो तेव्हा सगळे गप्प बसून ऐकतात. च्... चहा गार झाला तरी ऐकतात. घरच्या माणसाचं असं कोण ऐकतं? घरच्याच्या बोलण्यात सगळे घुसतात. कारण तो उद्या पण असणार असतो! राहिलेलं उद्या सांगेल. मामाला नाचणी तोडायची तेव्हा तो चिडायचा, पण तो त्यांच्यातलाच असायचा. आता सगळे त्याच्याकडं कसे बघत बसलेत, बघा. त्... त्याला पुरं बोलू दिलं, आणि मला वाटलं, संपलं, आता हा जाणार.”

एवढं मी एका दमात बोलले. म्हणजे अडकले, दोन-तीनदा चांगली अडकले, पण अडकल्यावर लोक थांबले नाहीत. मागं कुणीतरी “बरोबर आहे!” म्हणालं, कुणी “अगदी!” म्हणालं, आणि त्या आवाजाला धरून मी पुढं सरकले.

कारखानीस सर पुढं झुकले. “छान विचार मांडलास, बाळ. पण असं बघ, एखाद्याचं शांतपणे ऐकून घेणं हा एक प्रकारचा आदर...”

“आदर नको!”

मोठ्या माणसाचं बोलणं मी त्याआधी कधीच तोडलं नव्हतं. सरांचं तोंड ‘आदर’वरच उघडं राहिलं.

“आदर घेऊन तो काय करणार, सर? त्याला नाचणी पाहिजे!”

आणि आवळेकाकांनी टेबलावर थाप मारली. “अरे, मी हेच सांगत होतो की ह्याला!” त्यांच्याकडं माइक नव्हता, त्यांनी सरळ सरांच्या हातातला ओढला. “पोरी, तुला सांगतो, पहिल्या भागात माझी गोष्ट पुरी लिहिलेली होती बघ. आम्ही चौघं एका माइकभोवती दाटीवाटीनं उभे. नाचणीचं काम करणाऱ्या बाईंनी एकदम दोन पानं उलटली आणि माझं चालू असतानाच पुढचं वाक्य ठोकून दिलं! मी भडकलो, ‘अहो बाई, माझं होऊ द्या की!’ तेपण रेकॉर्ड झालं. हा म्हणाला, राहू दे, मजा येत्या. तिथनं पुढं कोण आधी घुसतंय ह्याची शर्यतच.”

“काका, तेव्हा एकच माइक होता म्हणून...” सर म्हणाले.

“थांब जरा! आणि ह्यावेळी काय केलं, माहिताय? प्रत्येकाला वेगळं बोलावलं. मी एकटा काचेच्या खोलीत, कानात हेडफोन. बोलत गेलो, बोलत गेलो, कुणी तोडायलाच तयार नाही. मला घाम फुटला. वाटलं, आपलं कुणी ऐकतंय तरी का नाही!”

“म्हणजे व्हायोलिनमुळं नव्हतं!” अल्फिया ओरडली.

“व्हायोलिनमुळं पण होतं,” काका म्हणाले.

“मी म्हणालो नव्हतो?” अल्फियानं मला ढोसलं.

“तू मिशा म्हणालीस!”

आणि तेवढ्यात माझ्या मागून, अख्ख्या उद्यमनगराला ऐकू जाईल असा, माझं बोलणं चालू असताना दोन वर्षांत कधी न निघालेला आवाज आला. “अहो साहेब, मग परत एकदा सगळ्यांना एकत्र बोलवून करा की! लांब आहे काय मुंबई?”

पप्पा उभे होते. मी वळले. ते माझ्याकडं बघत नव्हते. माझं बोलणं संपलंय की नाही हेही त्यांनी विचारलं नव्हतं, आणि ते संपलं नव्हतं. त्यांनी माझं बोलणं सरळ सरळ तोडलं होतं. मला एवढा आनंद झाला की मी माइकमध्येच ओरडले, “पप्पा, मी बोलतोय अजून!”

“बोल की मग, मी कुठं नको म्हणालो?” पप्पा म्हणाले. आणि मग आपण काय केलंय ते त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण ते एकदम घाबरून मम्मीकडं बघायला लागले.

स्पेशल भाग काही परत झाला नाही. तो अजून तसाच आहे, व्हायोलिनसकट. कारखानीस सर शेवटी म्हणाले, “विचार करू,” आणि मोठी माणसं असं म्हणतात तेव्हा काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. मीही तिथून निघताना बरी होऊन निघाले नाही. म आणि ब अजून माझ्या वाटेत उभे असतात. फरक एवढाच की आता ते उभे असले तरी मी थांबत नाही.

बाहेर येऊन रिक्षा केली. मागं मम्मी, मी, अल्फिया, आणि पुढं रिक्षावाल्याशेजारी कसेबसे पप्पा. मम्मी हळूच म्हणाली, “पण मॅडमनीच सांगितलं होतं ना, तुला पुरं बोलू द्यायचं म्हणून.”

“माझा शब्द प्... पुरवू नका म्हणाल्या होत्या, मम्मी. मयताला बसल्यासारखं बसा, असं नव्हत्या म्हणाल्या!”

“अगं, पण मध्ये बोललं तर तुला वाईट...”

“माझा शब्द म्... मला शोधू दे. पण त्... तुमचे तुम्ही का गिळताय?”

मम्मीनं तोंड वळवलं. दसरा चौकातले दिवे तिच्या गालावरून सरकत गेले. मग तिनं नाक ओढलं, आणि एकदम तिच्या पतसंस्थेतल्या आवाजात म्हणाली, “ते सगळं ठीक आहे, पण एवढ्या मोठ्या दिग्दर्शकाला मधेच तोडतात होय? काही रीत?”

“मग काय करायला पाहिजे होतं?” मी विचारलं.

“बरोबरच केलं तिनं,” पप्पा पुढून ओरडले, “तो माणूस थांबायलाच तयार...”

“तुम्ही गप्प बसा, तुम्ही तर पार उभं राहून...”

“काकू, तुम्ही मला उगीच गप्प बसवलं, माझं आठवडाभर डोकं...”

“अल्फे, तुझं डोकं आधीपासनंच...”

रिक्षावाल्यानं वेग कमी केला, आरशातून मागं बघितलं आणि घाबरत विचारलं, “भांडण झालंय काय?”

आम्ही चौघांनी एकदमच उत्तर दिलं, त्यामुळं त्याला काहीच कळलं नाही.